कोंबड्यांचा टँकर

"मॅडम, माश्या फार्ममुळे नाहीत, हवामानामुळे आहेत," राव गारू म्हणाले, आणि कपातली माशी बोटानं काढून त्यांनी चहाचा घोट घेतला. राव गारू, आपल्याकडच्या भाषेत रावसाहेब, म्हणजे पोल्ट्री फार्मचे मालक. मी सरकारी लॅबमध्ये पाणी तपासणारी केमिस्ट.

नव्वदीनंतरचे दिवस. देश खुला झाला, असं जो तो सांगत होता. सिकंदराबादच्या पलीकडे कोंबड्यांच्या शेड्स उठल्या, त्यांना खेटून कॉलन्या उठल्या. चिक्कडपल्लीचं भाड्याचं घर सोडून आमच्या ओळखीच्या कमलताई तिथं राहायला गेल्या. देश खुला आणि ह्यांच्या खिडक्या बारा महिने बंद! वासाचं त्यांनी सोसलं. पण घरात पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पिणारी नात आली, आणि त्यांनी बोअरच्या पाण्याचा धसका घेतला.

धसका खोटा नव्हता. शेडमधली घाण उघड्यावर रचतात, ती पावसात झिरपते, आणि त्यातलं नायट्रेट बोअरमध्ये उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्यांना पटकन काही होत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र प्राणवायू नेईनासं होतं, बाळ निळं पडतं. कमलताईंच्या सॅम्पलमध्ये नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर निघालं.

आमच्या साहेबांनी रिपोर्ट पाहिला. "पाणी उकळून प्या म्हणावं."

"साहेब, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट वाढतं."

"मग कमी उकळा म्हणावं."

धन्य! आणि हा माणूस केमिस्ट्रीत एमएस्सी.

म्हणून मी रिपोर्ट घेऊन थेट फार्मवर आले होते. राव गारूंनी तो वाचलाही नाही. "हमारे बोअर का पानी फस्क्लास है, मॅडम. कॉलनीवालों के नखरे हैं." तेवढ्यात एक टँकर फाटकातून आत आला आणि सरळ शेडकडे गेला.

"हा कशाला?"

"मुर्गियों कू. फॉरेन का ब्रीड है. बोअर का पानी उनकू नै जमता, वजन नै पकडते."

बोलून गेले आणि जीभ चावली. मला हसू आलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लॅबमध्ये येऊन मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं रिपोर्टमध्ये घातलं. साहेबांनी खाली शेरा मारला, 'पाणी कोंबड्यांसाठी अयोग्य. माणसांबाबत अभ्यास व्हावा.' फाइल वर गेली आणि तिथंच बसली.

मग मी सगळं कमलताईंच्या कानावर घातलं. दुसऱ्याच दिवशी कॉलनीतल्या बायका बादल्या घेऊन रस्त्यात उतरल्या. नातीला कडेवर घेऊन कमलताई टँकरसमोर उभ्या. राव गारू धापा टाकत आले. "अम्मा, जाने दो! पिल्लं मरतील माझी!"

"हेही पिल्लूच आहे," कमलताई म्हणाल्या.

ऐन उन्हाळा होता, शेड्स तापलेल्या. राव गारूंनी फार ताणलं नाही. त्या दिवसापासून टँकर आधी कॉलनीत थांबायचा, उरलेलं पाणी शेडकडे जायचं. साहेबांचा अभ्यास मी रिटायर होईपर्यंत चालूच होता.

पुढे कुणीही पाण्याची तक्रार घेऊन आलं, की सॅम्पलची बाटली हातात घेण्याआधी मी विचारायची, "शेजारची जनावरं कुठलं पाणी पितात?"