फाळावर बसवलेला पट्टा

मागच्या सीटवर नुसती पिशवी ठेवली, तरी माझी नवी गाडी पट्टा लावा म्हणून किणकिणत राहते. तो आवाज आला की नाकात तापलेल्या पत्र्याचा वास भरतो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळानं आमची विहीर कोरडी पडली होती. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, मान धरता येत नसे. जळकोटहून लातूरच्या दवाखान्यात नेताना वडिलांनी, अण्णांनी, करकचून ब्रेक दाबला आणि ती मायच्या मांडीवरून पुढं आपटली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पलंगाची नवार सोडली अन् आमची जुनी अँबेसिडर मिस्त्रीकडं नेली.

"खांद्यावरून पट्टा? पत्रा लई गंजलाय, अण्णा. बोल्ट धरायचा न्हाई."

अण्णांनी डिकीतून नांगराचा फाळ काढला. "ह्यो लाव मागून. यंदा ह्याला काय काम हाय?"

फाळाला भोक पाडून मिस्त्रीनं पट्टा आवळला. सुमी पहिल्यांदा ताठ बसली. शेजारी माय सारखी हात चोळत होती. मला वाटलं, घाबरलीय. सात वर्षं लेकीला धरलेले हात रिकामे कुठं ठेवायचे, हे तिला कळत नव्हतं, ते आता समजतं.

पुढच्या नांगरणीआधीच सुमी गेली. गाडीतला फाळ अण्णांनी काढला नाही. नांगरणीला उसना आणला.