जीवाश्माला हात लावायचा होता, त्याची गोष्ट

गेल्या रविवारी अंधेरीत पोरांसमोर माझी पार वाट लागली.

झालं असं, की माझ्या सात वर्षांच्या नीलला खऱ्या जीवाश्माला हात लावायचा होता. नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. आणि मी वाढदिवसाच्या भरात 'लावून देईन' असं कबूल करून बसले होते.

कुठल्याशा ग्रुपवर वाचलं होतं, अंधेरीची गिल्बर्ट हिल डायनासोरच्या काळातली आहे. झालं, मला तेवढंच पुरे होतं... डायनासोरचा काळ म्हणजे डायनासोरची हाडं! मुलुंडहून लवकर निघायचं म्हणून नीलच्या आंघोळीलाही सुट्टी दिली. ती त्याला टेकडीपेक्षा जास्त आवडली.

टेकडी झकास आहे हो. काळ्या दगडाचे उभेच्या उभे खांब, वर देवीचं मंदिर, खाली इमारतींची दाटी. नील प्रत्येक दगड उलटून बघत होता, "हाडं कुठेत गं?"

अकरा वर्षांच्या रेवाने माझ्याच फोनवर शोधून जाहीर केलं, "आई, हा लाव्हा आहे. यात हाडं असती तरी जळून गेली असती." नील माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "आई फेकते." मला खरंच लागलं ते.

मग अब्रू वाचवायला टॅक्सी करून शहरातलं एक म्युझियम गाठलं. तिथे जीवाश्म होते, भरपूर होते... पण सगळे काचेत, आणि प्रत्येक काचेवर 'हात लावू नये'. नीलचा चेहरा उतरत उतरत शर्टाच्या बटणापर्यंत आला.

एका काचेपुढे मात्र तो थबकला आणि हॉलभर ओरडला, "आजोबांचा देव! यांनी आपला देव कोंडलाय!"

सिक्युरिटीवाले काका धावत आले. काचेत काळा, गुळगुळीत, गोल वेटोळं असलेला दगड होता... हुबेहूब आमच्या देवघरातला शाळिग्राम! रेवाने पाटी वाचली. अमोनाइट, समुद्रातला शंखवाला प्राणी, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. मग ती माझ्याकडे वळली, "म्हणजे आजोबा रोज जीवाश्माला आंघोळ घालतात?"

आजोबा म्हणजे माझे सासरे, आप्पा. पहाटे उठून सोवळ्यात पूजा, शाळिग्राम ताम्हनात ठेवून पळीपळीने पाणी. पारोशाने त्याला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. अशा माणसाला जाऊन सांगायचं, तुमचा देव म्हणजे समुद्रातला किडा?

येताना टॅक्सीत दोघांना दम दिला, आजोबांसमोर चकार शब्द काढायचा नाही. रेवाने आइस्क्रीम कबूल करून घेतलं. नील खिडकीबाहेर बघत होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आप्पांनी दार उघडलं आणि नीलने चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं... प्राणी, समुद्र, कोट्यवधी वर्षं, किडा. 'किडा' हा शब्द टॅक्सीत दम देताना माझ्याच तोंडून निसटला होता, तो त्याने उचलला.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिले.

"समुद्रातला होता म्हणतोस?" आप्पा म्हणाले. "तरीच! रोज पाण्यात बसवला की खूश दिसतो."

मग नीलने घाबरत विचारलं, "आजोबा, मी हात लावू?"

"आधी आंघोळ. पारोशाने नाही."

ज्या पोराला रोज बाथरूममध्ये ढकलावं लागतं, तो संध्याकाळी सहा वाजता धावत आत गेला. ओल्या केसांनी आप्पांसमोर मांडी घालून बसला. आप्पांनी शाळिग्राम त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याचं बोट धरून वेटोळ्यावरून हळूहळू फिरवलं. रेवानेही गुपचूप आंघोळ उरकून रांगेत नंबर लावला होता.

"आई," नील मान वर न करता म्हणाला, "तू फेकत नव्हतीस."

लग्नाला तेरा वर्षं झाली. रोज त्याच देवघरापुढे हात जोडते, आणि पोरांना घेऊन अंधेरी आणि शहर पालथं घालून आले... काखेत कळसा, गावाला वळसा. पण खरं सांगते, माझा शब्द त्या दिवशी मी नाही, आप्पांनी पाळला.

सोमवारी सकाळी नील न सांगता आंघोळ करून ताम्हनापाशी हजर होता. पळी त्याच्या हातात देत आप्पा म्हणाले, "सावकाश रे. म्हातारा आहे तो."