दांड्यावरच्या चिंध्या

"लावा रे हात!" अशी हाळी देण्याआधी तो दोन्ही तळवे मांड्यांवर खसाखसा घासायचा. स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नव्हतं. भाकरसुद्धा फिरत फिरत खायचा.

तेव्हा अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि आमच्या वऱ्हाडातल्या रुईवर दुनियेच्या उड्या पडत होत्या. उमरावतीच्या एका दाबावर मी गाठींवर खुणा रंगवायचो. दाब म्हणजे रुई दाबून गाठी बांधायचा उभा लाकडी पेच. चार दांड्यांना छाती लावून सोळा गडी घाण्याच्या बैलासारखे गोल फिरत. हाळी द्यायचं काम या हाळीवाल्याचं. तिच्यावरच पावलं पडत.

गडी सोळा, पण पाण्याचे माठ चार, जातीजातीचे वेगळे. "छातीले छाती चालते, पाणी काहून चालत नाई, पंतोजी?" तो विचारायचा. चार बुकं शिकलो म्हणून मी पंतोजी. मी खुणा रंगवत राहायचो.

एका दुपारी कोणाचा तरी पाय घसरला. दबलेल्या रुईनं पेच उलटा फेकला आणि बार्शीटाकळीच्या एका मुसलमान गड्याचा हात दांड्यानं मोडला. शेटजींनी त्याला घरी पाठवलं आणि दुसऱ्या सकाळी नवा माणूस आणला.

सगळे दांड्याला लागले. हाळी आली नाही.

"ओरड ना रे!"

"घसा बसला, शेटजी."

"काल तं ठणठणीत होता!"

"त्या हात मोडलेल्याले रुईतला कचरा वेचाले बसवा. एक हात पुरते त्याले. मंग सुटते घसा."

शेटजी सगळ्यांनाच हाकलायला निघाले. पण गाड्यांचा तांडा तयार होता, गाठी नव्हत्या. इकडे कोणी फुटू नये म्हणून गड्यांना शपथ हवी होती. कोणी बेलभंडार म्हणे, कोणी कुराण. एका शपथेवर सगळे येईनात. येरझारा घालता घालता हा थांबला. फोडांसाठी तळव्याला गुंडाळलेली चिंधी त्यानं सोडली आणि दांड्याला बांधली.

"ज्याले थांबाचं हाये, त्यानं बांधा. याच्यात कोणाचा देव नाई, घाम हाये सगळ्यायचा."

एकेक चिंधी बांधली गेली. शेवटची त्या नव्या माणसाची.

मी माझं रंगाचं फडकं काढलं, तर हाळीवाल्यानं मनगट धरलं. "तुमी नोका बांधू. तुमाले मोठ्या शाळेत जाचं हाये. आपल्यातला एक तं लिवनारा पायजे."

'आपल्यातला' हा शब्द मला आजही पेलत नाही.

दुपार कलताना शेटजी नमले. मोडक्या हाताला वेचणीचं काम मिळालं. अट एकच, हाळीवाला जाईल. ती त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितली, मी जवळच होतो. "चालते," तो म्हणाला. त्यानं गड्यांना कळू दिलं नाही. त्या दिवशीच्या हाळ्या घसा फाटेस्तोवर दिल्या आणि अकोटच्या वाटेला लागला.

मी शिकलो, पदवीधर झालो. त्याला पुष्कळ शोधलं, भेटला नाही. आता दाब वाफेवर चालतो, हाळी लागत नाही. हात मात्र अजून मोडतात. तिथल्या मजुरांचे अर्ज मी लिहून देतो. खाली त्यांच्या निशाण्या उमटल्या, की शेवटी माझं नाव घालतो. त्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. ते फडकं बांधायचं राहिलंय.