"हे कधीपासून?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आमच्या ख्रिस्ती देवळात गुडघे टेकले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला मध्येच थांबवणार नाही.

नगरच्या एका इस्पितळात मी पंधरा वर्षं नर्स होते. म्हातारचळ आणि वात यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. म्हातारचळ वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. वाताचा भ्रम दोन दिवसांत येतो — ताप असतो, नाहीतर अंगातलं पाणी आटलेलं असतं — आणि कारण वेळेत सापडलं तर माणूस पुन्हा ठिकाणावर येतं. हे मला माहीत होतं. मग?

लढाईच्या दिवसांतला उन्हाळा होता. सासूबाईंचं अंथरूण ओलं व्हायचं. साबण मिळत नव्हता, विहिरीचा तळ दिसत होता, आणि ड्यूटीवर जाण्याआधी रोज ती जड वाकळ धुवायची — मला कंटाळा आला होता. एवढंच. मी दुपारनंतर त्यांना पाणी देणं बंद केलं. तांब्या उंच फळीवर ठेवला.

रविवारी देवळात सगळी गीतं तोंडपाठ म्हणणाऱ्या सासूबाई बुधवारी रिकामी कळशी कमरेवर घेऊन दाराशी उभ्या. "पान्याला जाते. रांजन कोरडा पडलाय."

"म्हातारी पुन्हा नवरी झाली की," शेजारची गंगूबाई म्हणाली. हसलो आम्ही. हो, मीही.

गुरुवारी डॉक्टर आले. नाडी पाहिली आणि मला विचारलं, "सिस्टर, हे कधीपासून?" मी नर्स — दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. 'कालपासून' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: पाणी किती पितात?

मी म्हणाले, "वर्ष झालं. हळूहळू वाढतंय."

"मग वयाचंच," म्हणून त्यांनी बॅग बंद केली.

ते गेल्यावर मी तांब्या खाली काढला. चमच्याचमच्याने पाजत राहिले. शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी डोळे उघडले, मला नावाने हाक मारली. मी पेला ओठांना लावला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"नगं, पोरी. वाकळ भिजंल."

दुपारी त्या गेल्या. भेटायला आलेले सगळे म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या, शेवटी भान नव्हतंच. मी मान हलवली.

त्या सकाळी त्यांना पुरतं भान होतं.