थर्माकोलचे ढग

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशींचा नवरा नाटकांसाठी थर्माकोल कोरायचा. खांब, कमानी, ढग, एकदा तर पारंब्यांसकट अख्खं झाड. घरी यायचा तेव्हा भुवयांवर, कानांत, शर्टाच्या खिशात पांढरे दाणे चिकटलेले असायचे. "दारातच झटका हो," मावशी रोज सांगायच्या आणि तो रोज विसरायचा.

तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मागे राहिला अर्धी खोली भरून थर्माकोल. नाटकमंडळी केव्हाच पांगली होती. भंगारवाल्याने तर दारातूनच हात जोडले. "हे कुणी घेत नाही, ताई. जागा खातं आणि वजन काही भरत नाही." नवऱ्याची मोठी बहीण भेटायला आली की त्या ढिगाकडे बघून तोंड वाकडं करायची. "अगं, किती दिवस हा कचरा कवटाळून बसणार आहेस? टाकून दे की." मावशी मान डोलवायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या.

प्रयोगशाळेत संशोधन करणारी एक मुलगी होती. एकदा ती म्हणाली, "मावशी, कुणीच घेत नाही असं प्लास्टिक हवंय मला. थर्माकोल असेल तर उत्तमच. त्यातून आम्ही कण बनवतोय, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. पण ते उजेड देतात."

मावशींनी हातातली भांडी धुऊन पालथी घातली. बरेच दिवस गेले. मग एका सकाळी जुन्या साडीत गुंडाळून त्यांनी एक ढग आणला.

मुलीने तो हातात फिरवून पाहिला. "हा मोडायचा? माझा हात धजत नाही, मावशी."

"माझाही धजत नव्हता. तू मोड. मी तिकडे तोंड करते."

तुकडे तापलेल्या भांड्यात वितळू लागले तसा वास आला. गोडसर, जरा डोक्यात जाणारा. नवरा तापल्या तारेने ढग कापायचा तेव्हा घरभर पसरायचा तोच. हा वास त्यांनी उशीत शोधला होता, शर्टांत शोधला होता, आणि तिथे साबणाच्या वासाशिवाय काही उरलं नव्हतं. मावशी बेसिनची कड धरून उभ्या राहिल्या.

"त्रास होतोय का? पंखा वाढवते."

"नको. राहू दे थोडा वेळ."

पुढे ते सगळं जाड पोलादी डब्यात बंद होऊन भट्टीत गेलं आणि फिक्या चहासारखं पाणी होऊन बाहेर आलं. मुलीने पडदे ओढले, बाटलीवर जांभळा दिवा धरला. पाणी निळं उजळलं. "पिण्याच्या पाण्यात नको तो धातू असला ना, की हा उजेड मंदावतो. म्हणजे खराब पाणी ओळखता येईल."

"चांगलं काम आहे," मावशी म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "यात ढग कुठे आहे गं?"

"सगळीकडेच आहे. पण वेगळा काढून नाही दाखवता येणार, मावशी."

हळूहळू खांब गेले, कमानी गेल्या. उजेड पाहायला मावशी फारशा थांबत नसत. वितळवताना मात्र कुठलंही काम टाकून भांड्याजवळ येत. शेवटी खोली रिकामी झाली. इतकी, की भांडं ठेवलं तरी घुमायचं.

नणंद आली ती उंबऱ्यातच थबकली. "सगळं टाकलंस?"

"तुम्हीच म्हणत होतात ना, वन्सं."

"म्हणत होते गं." ती भिंतीला टेकून बसली. "एखादं तरी ठेवायचं होतंस."

मावशींनी सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला प्रयोगशाळेत नेलं. मुलीने पडदे ओढून दिवा लावला. नणंद कितीतरी वेळ बघत राहिली. "हात लावला तर भाजेल?" नाही म्हटल्यावर तिने बाटली दोन्ही हातांत घेतली. मुलीने दिवा बंद केला तरी ती खाली ठेवली नाही.

परतताना नणंद आपणहून बोलू लागली. "लहानपणी याने अंघोळीच्या नव्या साबणाचा पोपट कोरला होता. आईने रागाने त्याच पोपटाने आम्हाला अंघोळ घातली. पहिल्या दिवशीच शेपटी गेली."

"मग? रडले?"

"छे. म्हणाला, बरं झालं, आता कोंबडी झाली."

मावशी रस्त्यातच थांबून हसल्या, पदराने डोळे पुसले. "हे मला कधी बोलले नाहीत ते."

"विसरला असेल."

"अजून काय काय करायचे?"

घर अगदी जवळ आलं होतं. मावशींनी नणंदेचा हात धरला आणि लांबच्या रस्त्याला वळल्या.