शालूचा डावा कान

आमच्या शालूच्या लग्नाचा एकच फोटो स्पष्ट आला, आणि त्यात शालूचा फक्त डावा कान आहे. कान फारच छान आला आहे. कुडीतले मोती मोजून घ्यावेत! फोटो मी काढला होता.

हे कसं घडलं ते क्रमाने सांगते. मला सगळं क्रमाने लागतं. माहेरी नागावला वाडीतले नारळ उतरवायचे असले तरी मी आधी यादी करत असे. लग्न होऊन अलिबागला आले, तेव्हा ह्यांच्या फोटोच्या दुकानाचा ताबाही मी यादी करूनच घेतला. फोटो हे काढत. पण स्टँड घेतला का, रोल घेतले का, काळं कापड घेतलं का, हे मी दारात उभी राहून वाचून दाखवत असे. त्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली होती की, या धंद्यात खरं अवघड काम यादीचं. बटण काय, कोणीही दाबेल! (ही समजूत पुढे एका संध्याकाळीच संपली.)

शालू माझी धाकटी बहीण. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा तिचं श्रीवर्धनच्या मुलाशी ठरलं. आमचा थोरला भाऊ, दादा, मालवाहू जहाजावर नोकरीला होता. त्याला रजा मिळेना. माझ्याही लग्नात तो असाच कुठल्यातरी समुद्रात होता. या वेळी मात्र त्याने बोटीवरच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर फ्लॅशची बत्ती, तिचे सहा बल्ब आणि एक चिठ्ठी पाठवली.

‘मी शालूला शेवटची पाहिली तेव्हा ती परकराचा काचा मारून पेरूच्या झाडावर बसली होती,’ दादाने लिहिलं होतं. ‘सारा गाव तिला नवरीच्या वेषात बघेल, मीच तेवढा राहीन. निदान एका फोटोत तिचा चेहरा नीट येऊ द्या.’

आईने चिठ्ठी ऐकून डोळ्यांना पदर लावला. मी वही काढली.

हे बल्ब मोठे नाजूक प्रकरण. एक बल्ब एकदाच पेटायचा. लख्ख उजेड पडायचा आणि बल्ब कायमचा मेला! लग्न गोरज मुहूर्तावर, मांडव नारळाच्या झापांचा, म्हणजे आत आधीच अंधार. तेव्हा सहा बल्ब, सहा फोटो. गौरीहर, अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी आणि शेवटी सूनमुख. मी ओळी आखून, आकडे घालून लिहिलं. ह्यांनी मान हलवली. सगळं ठरलं.

लग्नाच्या सकाळी हे कॅमेरा गळ्यात अडकवून मांडवात शिरले आणि अप्पा, म्हणजे आमचे वडील, समोर येऊन उभे राहिले.

“जावईबापू, हे काय?”

“फोटो काढायचेत ना, अप्पा.”

“तुम्ही? आमच्या घरचे एकुलते एक जावई मांडवात ओणवे होऊन फिरणार? व्याही काय म्हणतील? नागावकरांनी जावयाला कामाला जुंपला!”

“पण अप्पा, माझा धंदाच तो आहे.”

“तो अलिबागेत! इथे तुमचा पाट मांडलाय. बसा.”

आणि खरोखरच ह्यांना पाटावर बसवलं. डोक्याला फेटा, गळ्यात हार, समोर पेढ्यांचं ताट. जो येई तो नमस्कार करी आणि एक पेढा भरवी. आमच्याकडे जावयाचा मान म्हणजे साधी शिक्षा नव्हे. कॅमेरा माझ्या हातात आला.

“अगं, जमेल ना?” ह्यांनी पेढ्याआडून विचारलं.

“यादी आहे ना,” मी म्हटलं.

यादी होती, पण बल्ब नव्हते! ओटीवरच्या खोलीत खोकं रिकामं. मी घर पालथं घातलं. शेवटी बल्ब सापडले ते रुखवतात. मुलीकडच्यांनी हौसेने मांडलेल्या त्या वस्तूंमध्ये, साखरेची तुळस आणि लोकरीचा मोर यांच्या मधोमध, सहाही बल्ब ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं. प्रत्येकाला काजळाचे नाक-डोळे!

“आत्या, हे काय?”

“बाळं गं!” आत्या कौतुकाने म्हणाली. “दादाने पाठवलीत ना रुखवतासाठी? नुसती काच बरी दिसेना, म्हणून रात्री बसून टोपडी विणली. श्रीवर्धनकरांनी असं रुखवत जन्मात पाहिलं नसेल.”

ते खरंच होतं. मी बाळं उचलली आणि वाडीत कामाला येणाऱ्या पार्वतीकडे दिली. म्हटलं, “जरा पुसून आण, लवकर.” ती आली तेव्हा पाच बल्ब लखलखत होते.

“सहावा?”

“रागावू नका, कुसुमताय. राखेनं घासलं. पाच चांगलं निघालं. येक कच्चा व्हता.”

मी यादीतून हारांचा फोटो खोडला. अंतरपाटाला लागूनच हार असतात, एकातच भागेल. पाच बल्ब, पाच फोटो. यादीचं हेच तर सुख, माणूस डगमगत नाही!

शालू गौरीहरापुढे बसली होती. पिवळी अष्टपुत्री, कपाळाला मुंडावळ्या, मान खाली. इतकी गोड दिसत होती की माझेच डोळे भरून आले. मी अंतर पावलांनी मोजलं, वायर जोडली. पलीकडे पाटावरून हे दोन्ही हात हलवत होते. मला बरं वाटलं. मीही हात हलवला. ह्यांनी आणखी जोरात हलवले. (लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी एवढं कौतुक!) मी बटण दाबलं. लख्खकन उजेड! बायका “अगं बाई!” म्हणून ओरडल्या. झकास.

पाच मिनिटांनी पार्वती निरोप घेऊन आली.

“दाजी सांगतात, म्होरचं झाकण काढा.”

भिंगावरचं झाकण! मी वहीत बघितलं. यादीत ‘झाकण काढणे’ नव्हतं. ते हे नेहमी न सांगता काढत, म्हणून मी कधी लिहिलंच नव्हतं. आता लिहिलं. चार बल्ब.

पुढे अंतरपाट. आता इथे एक सांगायला हवं. वाजंत्री मांडवाबाहेर सुपारीच्या झाडांखाली बसले होते. त्यांना गुरुजींचं काही ऐकू जाणार नाही, म्हणून अप्पांनी ठरवून दिलं होतं की, मुहूर्त साधला की ते स्वतः कंदील उंच करतील, उजेड दिसला की वाजवायला लागायचं. व्यवस्था चोख होती. फक्त अप्पांनी ती मला सांगितली नव्हती.

मंगलाष्टकं चालू होती. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट दोन मामांनी ताणून धरला होता. मी झाकण काढलं, टिचकी मारून खात्री केली, आणि पुढची ओळ वाचायला वही उजेडात धरली. अंगठा बटणावरच होता.

लख्ख!

बाहेर ढोल-सनई एकदम सुरू! वाजलं म्हणजे लागलं, असं समजून मांडवभर अक्षतांचा पाऊस! दचकून मामांनी अंतरपाट सोडला, आणि नवरदेवाने (बिचारा सकाळपासून उपाशी होता) क्षणाचाही विलंब न लावता शालूच्या गळ्यात हार घातला.

“थांबा!” गुरुजी गरजले. “मुहूर्ताला अजून दोन पळं आहेत! काढा तो हार! धरा अंतरपाट! बंद करा ते!”

“लागलं ना लग्न?” कोणीतरी म्हणालं.

“नाही लागलं!”

“मग अक्षता संपल्या की हो!”

तेव्हा श्रीवर्धन आणि नागाव या दोन्ही गावची प्रतिष्ठित मंडळी जमिनीवर बसून अक्षता वेचू लागली. अप्पा हातातल्या कंदिलाकडे बघत होते. पाटावर ह्यांनी डोळे मिटून घेतले होते.

खऱ्या मुहूर्ताला मी अगदी वेळेवर बटण दाबलं. या खेपेला सगळं बरोबर होतं. हार होते, चेहरे होते, झाकण नव्हतं. मग मी कॅमेऱ्यामागच्या लाल खिडकीतला आकडा पाहिला. आकडा हलला नव्हता! अंतरपाटानंतर रोल पुढे फिरवायचाच राहिला होता, म्हणजे एकावर एक दोन फोटो! (पुढे धुतल्यावर दिसलं ते असं: मोठं ठसठशीत स्वस्तिक, आणि त्याच्या चार कोपऱ्यांत गुरुजी, दोन मामा आणि नवरदेव. शालू बरोबर मधल्या फुलीखाली.)

दोन बल्ब राहिले. आई जवळ येऊन हळूच म्हणाली, “कुसुम, दादाला पाठवायला काहीतरी मिळेल ना गं?” मी मान हलवली. वहीत ‘रोल फिरवणे’ लिहिलं.

कन्यादानाला बत्ती पेटेचना. खारी हवा, बत्तीतला सेल दमट झालेला. मी कॅमेरा स्टँडवर ठेवला, बत्ती काढून हातात घेतली, आत कुठे गंज दिसतो का म्हणून अगदी डोळ्यांजवळ धरली आणि एक थापटी मारली.

पेटली!

त्यानंतर दहा मिनिटं मला सारं जग हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांचं दिसत होतं. तेवढ्यात आत्याने मला पुढे ढकललं, “अगं, विहीणबाईंच्या पाया पड!” मी अंदाजाने वाकले.

“सुखी ऱ्हा, पोरी,” जाड आवाजात आशीर्वाद आला. तो सनईवाला होता. पाणी प्यायला आत आला होता.

आता एक बल्ब. सप्तपदी खोडली. उरला एकच प्रसंग, सूनमुख. सासूने सुनेचं तोंड आरशात पाहायचं, म्हणजे नवरीचा चेहरा उजळ, समोर, स्थिर! दादाने मागितलं होतं अगदी ते. मी कोपऱ्यात जाऊन वही उघडली आणि नव्याने यादी केली. झाकण. रोल. वायर. अंतर. अंगठा दूर. प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

विहीणबाई चौरंगावर बसल्या. शालूला शेजारी घेतलं, चांदीच्या चौकटीचा मोठा आरसा पुढे धरला.

“थोडा वर, विहीणबाई,” मी म्हटलं.

“आणि आधी सांगा हं,” त्या म्हणाल्या, “मघासारखं घाबरवू नका. सून बघायची आहे मला, वीज नाही!”

“आता सगळं बरोबर आहे.”

आणि सगळं खरोखर बरोबर होतं! मी दोघींच्या मागे उभी राहिले. आरशात शालूचा चेहरा दिसत होता. तिने वर पाहिलं आणि आरशातून मला पाहून हसली. मला वाटलं, हाच तो. आणखी जरा नीट दिसावी म्हणून मी अर्धं पाऊल बाजूला सरकले. मागे काहीतरी धडपडलं, पण मी वळले नाही. यादीत वळणं नव्हतं. बटण दाबलं.

फोटो दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानात धुतला. पाण्यातून कागद वर उचलला आणि दिव्याजवळ धरला.

“अगं,” म्हणाले, “आरशाच्या अगदी समोर जो उभा राहतो, त्याला तो स्वतःच दिसतो.”

फोटोत डावीकडे शालूचा कान. उजवीकडे विहीणबाईंचा अंबाडा. मध्ये चांदीच्या चौकटीत मी, अंगावर ठेवणीतला जरीचा शालू, नथ, एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक बाहेर, आणि हातात सूर्य. माझ्या खांद्यामागे फेटा आणि हार घातलेले हे, पाटावरून उठून ‘सरकू नकोस!’ म्हणून धावत येताना, गालात पेढा.

फोटो काय करायचा, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मी तोच दादाला पाठवला, मागे सगळी हकिगत क्रमाने लिहून. उत्तर यायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात मी आईच्या नजरेला नजर दिली नाही.

‘शालूचा कान ओळखला,’ दादाने लिहिलं होतं. ‘पेरूवरून पडली तेव्हाची खूण अजून आहे. आरशातल्या जोडप्याचा फोटो मात्र मी केबिनमध्ये लावला आहे. फेटा, हार, जरीचा शालू, नथ सगळं आहे. कुसुम, तुझ्याही लग्नात मी नव्हतो. तो फोटो मला कोणी पाठवला नव्हता. आता मिळाला.’

आईने पुन्हा पदर डोळ्यांना लावला. या वेळी वही काढायचं मला सुचलं नाही.

शालूचा चेहरा दादाला पुढच्या टपालाने मिळाला. ती माहेरपणाला आली तेव्हा ह्यांनी तिला पेरूच्या झाडाखाली उन्हात उभी केली आणि बल्बाशिवाय एका मिनिटात फोटो काढला.

तेव्हापासून आमच्या घरात लग्न निघालं की जावई मांडवभर ओणवे होऊन फिरतात आणि अप्पा हूं की चूं करत नाहीत. पाटावर मला बसवतात. मी दारात दिसले की आत्या ओरडते, “आली गं! आधी हिला बसवा!” गळ्यात हार पडतो, पुढे पेढ्यांचं ताट येतं. माहेरी लेकीला एवढा मान मिळालेला पंचक्रोशीत कोणी ऐकला नसेल. फक्त माझ्या दोन्ही हातांत एकेक पेढा दिल्याशिवाय कोणी कॅमेरा पेटीतून बाहेर काढत नाही.