दुभंगलेल्या जहाजावरचा दादा

दादाला जाऊन आता महिना होईल. बोर्डीच्या शाळेत माझा चौथीचा तास चालू होता. घोलवडच्या चिकूच्या वाडीतला एक गडी सायकलवरून आला आणि वर्गाच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ गेला." माझ्या तोंडून निघालं, "कुठलं जहाज?" दादाने जहाज कधीच सोडलं होतं, रोज सकाळी तो त्याच वाडीत कामाला जात होता, हे मला चांगलं माहीत होतं. पण त्याची वाईट बातमी येईल ती समुद्रावरूनच, असं आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं...

काशिनाथदादा माझा थोरला भाऊ. आमचं घर धाकटी डहाणूचं, मासेमारीचं. वडिलांच्या होडीवर त्याचं मन रमलं नाही. पन्नास सालाच्या आसपास मुंबईला जाऊन तो मालवाहू जहाजावर खलाशी झाला. ते जहाज लढाईच्या दिवसांत परदेशातल्या एका गोदीत बांधलेलं होतं. सुट्टीवर आला की दादा ओट्यावर बसून त्या गोदीची हकिगत सांगायचा. लढाईत जहाजं भराभर बुडत होती, म्हणून नदीकाठच्या चिखलात ती गोदी घाईने उभी केली, रिव्हेटचे खिळे ठोकत बसायला सवड नव्हती म्हणून पत्रे वेल्डिंग करून जोडले, आणि लढाई संपल्यावर गोदीला टाळं लागलं. एकदा त्या बंदरात गेला असताना तो मुद्दाम ती जागा बघून आला, तर तिथे गुडघाभर गवत. "गोदी राहिली नाही, पण तिची जहाजं अजून माल वाहतात," असं तो सांगायचा, जणू ती त्यानेच बांधली होती. वहिनी चुलीजवळून एवढंच विचारायची, की घाईने जोडलेलं टिकतं का. दादा हसायचा.

साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात, उत्तरेकडच्या गार समुद्रात, ते जहाज मधोमध तडकलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. मुंबईहून तार आली, तिच्यात माणसांचं काहीच नव्हतं. आळीतल्या बायका अंगणात जमून रडू लागल्या. वहिनी वाळलेले बोंबील उतरवत होती. ती म्हणाली, "माणूस डोळ्यांनी बघेपर्यंत माझ्या दारात कोणी रडायचं नाही." आणि पुन्हा कामाला लागली.

पुढे दादा खरंच आला, वाळून काटकी झालेला. त्या दिवसाबद्दल तो एकदाच बोलला. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, आणि समोर जिथे सोबती उभे होते तिथे पाणी दिसलं... जहाजाचा मागचा अर्धा भाग तेवढा तरंगत राहिला, त्यावर हा होता. त्यानंतर तो खाडीत साध्या होडीतसुद्धा बसला नाही. "आता पायाखाली माती पाहिजे," म्हणाला, आणि घोलवडला चिकू भरायच्या कामाला लागला.

मी वाडीत पोचले तेव्हा तो झाडाला टेकून बसलेला होता, पुढ्यात अर्धी भरलेली करंडी. बरोबरच्यांना वाटलं होतं, डोळा लागलाय. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. चाळिशीतला धडधाकट माणूस, आदल्या रविवारी माझ्याकडे जेवून गेलेला. वहिनी दुपारच्या गाडीने आली. तोवर कोणी रडलं नव्हतं. तार आली तेव्हाचं तिचं बोलणं सगळ्यांच्या ध्यानात होतं. ती त्याच्यासमोर बसली, पदराने त्याचे तळवे पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाली, "इथे तर बुडायला पाणीपण नाही गं."



समुद्रावरून परत आल्यापासून दादा आपली खाट दाराच्या तोंडाशीच टाकायचा. आतल्या खोलीत त्याला झोप येत नसे. येताजाता सगळ्यांच्या नडग्यांना ती लागायची. परवा मी डहाणूच्या घरी गेले, तेव्हा ती भिंतीकडे सरकवायला घेतली. वहिनीने दुसरं टोक धरलं. मला वाटलं, हात लावतेय... तिने खाट ओढून पुन्हा दारातच ठेवली.